अश्वजितच्या कॉम्प्युटरचं दान

परसराम गजभियेला दान देताना कुणी पाहिलेलं खपत नसे. जवाहरनगरच्या विहारात कुणी पंखा दिला की त्याच्या पात्यांवर देणाऱ्याचं नाव रंगवतात. परसरामने दिलेला पंखा तेवढा कोरा. रंगवणारा डबा-ब्रश घेऊन आला तेव्हा हा त्याच्याशी भांडला होता. "हवा लागली ना? नाव वाचून काय जास्त लागनार हाय?" मी सिहोऱ्याचा पवार. आमच्या मंदिराच्या तर पायरीपायरीवर नावं आहेत आणि त्यातलं एक माझ्या बापाचं आहे. त्यामुळे मला परसरामचं हे वागणं शिष्टपणाचं वाटायचं आणि तसं मी त्याला तोंडावर म्हणायचो. नोकरीभर आम्ही फॅक्टरीच्या बसमध्ये एकाच बाकावर बसलो, एवढं म्हणायचा हक्क मला होता.

पुढे या स्वभावानेच त्याचा घात केला. म्हणजे घात करणारे दुसरे होते, पण दार याने उघडं ठेवलं होतं.

त्याचा एकुलता मुलगा अश्वजित सिकलसेलने गेला. आमच्या भागात हा आजार सगळ्यांना माहीत आहे. रक्तातल्या पेशी वाकड्या होतात आणि हाडं अशी दुखतात की धडधाकट पोरगा भिंतीवर डोकं आपटतो. परसराम आणि मंगलाबाई, दोघांच्याही रक्तात तो दोष अर्धाअर्धा होता. लग्नाच्या वेळी रक्त तपासायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. अश्वजितला कॉलेजसाठी घेतलेला कॉम्प्युटर त्याच्या मागे टेबलावर तसाच राहिला. मंगलाबाई त्यावर रोज फडकं मारायच्या. परसरामचं जेवण सुटलं. ताटावर बसायचा, भात चिवडायचा आणि उठून जायचा. त्याचे ड्यूटीचे कपडे खुंटीला अडकवल्यासारखे लोंबायला लागले.

त्या घरात आणखी एक पोरगा होता, अतुल, परसरामच्या धाकट्या भावाचा. भाऊ लाखनीजवळ ट्रकखाली आला तेव्हापासून अतुल इथेच वाढला, अश्वजितबरोबर एका ताटात जेवला. कॉम्प्युटरवर चित्रं हलती करण्याचा कोर्स करून तो नागपुरात काम शोधत होता. त्यानेच एका रविवारी ही गोष्ट घरात काढली.

"मोठेबाबा, असं एक सॉफ्टवेअर राहते, आपला कॉम्प्युटर रिकामा असला का ते दूरच्या शास्त्रज्ञाचं काम करते. त्याईचा हिशेब एवढा मोठा असते का एका मशीनच्यानं होत नाही. मंग त्याचे तुकडे करून घरोघरच्या कॉम्प्युटरले वाटतात. रक्ताच्या आजाराचं औषध शोधाचं काम बी असंच चालू हाय."

परसरामने ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग एवढंच विचारलं, "अश्वजितचा कॉम्प्युटर चालन का?"

दुसऱ्या दिवशी बसमध्ये तो मला समजावत होता. "धानाच्या रोवन्यासारखं हाय, टेकचंद. बांधी मोठी, पन एकेका बाईच्या हाती एकच पेंडी. सगळ्या लावत गेल्या का बांधी हिरवी होते." किती तरी महिन्यांनी तो आपणहून बोलत होता, म्हणून मी थट्टा केली नाही.

सॉफ्टवेअर बसवलं त्या दिवशी मी तिथेच होतो. कॉम्प्युटर जुना, त्यावरचं विंडोज धापा टाकायचं. अतुलने आधी अश्वजितचे फोटो पेनड्राइव्हवर काढून मंगलाबाईंच्या हातात दिले, मग सगळं पुसून लिनक्स टाकलं. फुकट मिळतं आणि जुन्या मशीनवरही निमूट चालतं, असं तो म्हणाला. मग एक काळी खिडकी उघडली आणि तिच्यात पांढऱ्या अक्षरांच्या ओळी पळायला लागल्या. पासवर्ड टाकायला परसरामला बसवलं. हा बटणं दाबतो आहे आणि पडद्यावर काही उमटत नाही. त्याला वाटलं कीबोर्ड मेला.

"दिसत नाही, पन पोचते," अतुल हसून म्हणाला. "लिनक्समंधी पासवर्ड असाच राहते."

"हे बेस हाय," परसराम म्हणाला. त्याच्या स्वभावाचं यंत्र त्याला सापडलं होतं.

सॉफ्टवेअर उतरलं आणि त्याने नाव-ईमेल मागितलं. अतुलने सांगितलं की किती काम केलं ते नावावर जमा होतं, जगात आपला नंबर कितवा तेही पाहता येतं. झालं, परसराम बिथरला. "नाव नोको."

"अकाउंटशिवाय चालतच नाही, मोठेबाबा."

"मंग तुह्या नावानं कर. मले काही पाहाचं नाही. फक्त काम होऊन राहिलं का नाही, तेवढं दिसलं पाहिजे."

अतुलने तसं केलं. चावी सगळी त्याच्याकडे. नागपुरातूनही त्याला मशीन हाताळता येईल अशी सोय त्याने करून ठेवली. परसरामसाठी पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवी पट्टी ठेवली, काम पुढे सरकेल तशी भरत जाणारी.

त्या पट्टीने परसरामला जेवायला लावलं. ड्यूटीवरून आला की आधी कॉम्प्युटरसमोर उभा राहायचा. ताटावर बसल्यावर मंगलाबाई विचारायच्या, "आज किती झालं?" आणि तो सांगत सांगत जेवायचा. कधी पट्टी पूर्ण भरून नवीन सुरू झालेली असायची, तेव्हा आणखी भात मागायचा. त्याच्या अंगावर मांस चढलं. मग त्याला दानाचा उत्साह आला. आमच्या घरी आला, पलीकडच्या लाइनीतल्या सुलोचनाबाईंकडे गेला. माझा कॉम्प्युटर क्रिकेटचा स्कोअर पाहण्यापलीकडे काही करत नव्हता, म्हणून मी हो म्हणालो. सुलोचनाबाईंची गोष्ट वेगळी. त्यांची नात गुड्डी सिकलसेलचीच होती. त्यांनी मशीन गुड्डीच्या खाटेजवळ ठेवलं आणि परसरामच्या शब्दावर ते कधी बंद केलं नाही. दोन्ही घरी अतुलनेच येऊन सगळं बसवलं. पुढे त्याला नागपुरात एका जाहिरातींच्या कंपनीत नोकरी लागली आणि परसरामने बसमध्ये पेढे वाटले.

दिवाळीत माझी मुलगी मनाली इंजिनिअरिंग कॉलेजातून घरी आली. आमच्या कॉम्प्युटरने तक्रार केली की जागा भरली आहे. मनालीने तीच काळी खिडकी उघडली आणि जागा कुणी खाल्ली ते शोधायला लागली. एक लपवलेलं फोल्डर सापडलं. त्यात चित्रंच चित्रं. पहिल्यात चांदीच्या रंगाची एक पुडी. दुसऱ्यात तीच पुडी, जराशी वळलेली. तिसऱ्यात आणखी वळलेली. मनालीने ती भरभर पुढे सरकवली तेव्हा पुडी गोल फिरली, तोंड उघडलं आणि आतून सुगंधी सुपारीचे तुकडे फुलासारखे उधळले.

मला हसू आलं. मी म्हणालो, व्हायरस असेल.

"व्हायरस नाही, बाबा," मनाली म्हणाली. "फाइलींच्या नावात अतुलदादाच्या कंपनीचं नाव हाय. औषधाचं सॉफ्टवेअर कवाच काढून टाकलं त्यानं. आपल्या मशीनवर तो जाहिरातीचे चित्रं तयार करून राहिला. ते हिरवी पट्टी त्यानंच बनवली, आता ते चित्रं किती झाले तेच दाखवते."

माझं डोकं फिरलं. असं काही पोटात ठेवणं मला जमत नाही. तसाच उठलो आणि मनालीला घेऊन परसरामकडे गेलो. तिने अश्वजितच्या कॉम्प्युटरवर तेच फोल्डर शोधलं आणि उघडलं. पुडी फिरायला लागली. परसराम खुर्ची ओढून बसला, नीट पाहत राहिला आणि मनालीला म्हणाला, "हे त्या औषधाचं चित्र हाय का, बाई?"

मनाली माझ्याकडे पाहायला लागली. शेवटी मीच सांगितलं, "सुपारी हाय, परसराम. सुपारीची जाहिरात."

पुढच्या रविवारी अतुल आला. परसरामने मला बोलावून घेतलं होतं. एकट्याने विचारायची त्याला भीती वाटत असावी. अतुलने नाकारलं नाही. सुरुवातीचे काही महिने खरंच औषधाचं काम चाललं होतं, म्हणाला. मग कंपनीत काम वेळेत होईना, मशीन कमी, साहेब काढून टाकतो म्हणायला लागला. एकदा वेळ निभावून न्यायला घरच्या कॉम्प्युटरवर थोडं काम टाकलं. ते निभलं. मग पुन्हा टाकलं, आमच्या आणि सुलोचनाबाईंच्या मशीनवरही.

"तुमचं काय गेलं, मोठेबाबा? कॉम्प्युटर तं चालूच राहत होता."

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. परसरामचा आवाज मात्र चढला नाही. "तुले मांगाले काय झालं होतं? मी नाही म्हनलो असतो?"

"अश्वजितचा कॉम्प्युटर सुपारीसाठी देला असता तुमी?"

 अतुलने मान खाली घातली आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "मोठीआईले मालूम होतं."

मंगलाबाई सैपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पदर सारखा करत त्या म्हणाल्या, "हो. त्यानं मले तवाच सांगतलं होतं. रडत होता, नोकरी जाते म्हने. मी म्हनलं, कर. एक पोरगा गेला तो गेला. हा तरी पायावर उभा राहो."

"अन् मले?"

"तुमाले सांगतलं असतं तं तुमी पुन्हा ताटावरून उठले असते."

परसराम त्यांच्याकडे वळला. मग म्हणाला, "मंग तू रोज काहून विचारत होती, आज किती झालं म्हनून?"

"तुमी सांगता सांगता जेवत होते."

अतुलने फसवलं त्याचं परसरामला वाईट वाटलं, पण ते वाईट वाटणं सोसण्यासारखं होतं. पोरं फसवतात, आणि भावाचं पोर फसवतं तेव्हा निदान लोकांना सांगता तरी येतं. बायकोने जेवू घालून फसवलं, हे तो कुणाला सांगणार? रोजचं ते विचारणं, त्यावर त्याचं ते लहान पोरासारखं उत्तर देणं, सगळं त्याच्या डोळ्यांपुढे नाचत होतं. मी इतकी वर्षं ओळखत असलेला माणूस माझ्यासमोर लाजून काळाठिक्कर पडला. फसणाऱ्यानेच लाजायचं, ही कुठली रीत कोण जाणे, पण तशीच आहे.

अतुल गेल्यावर मंगलाबाई म्हणाल्या, "आता मनालीकडून खरंखुरं बसवून घ्या. सुलोचनाबाईकडं बी तसंच बसवा अन् चूप राहा. कोनाले समजनार हाय? गुड्डीच्या औषधाचं काम सुरू राहीन." मला ते पटलं, आणि मी परसरामला तसं सांगितलंही. गेलेले महिने काही परत येत नव्हते. परसरामने आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. त्या नजरेत मी मंगलाबाईंच्या शेजारी जाऊन बसलो होतो, आणि ते मला झोंबलं.

दुसऱ्या दिवशी ड्यूटी सुटल्यावर तो घरी न जाता सरळ सुलोचनाबाईंकडे निघाला. मी मागोमाग गेलो. गुड्डी शाळेच्या मैदानावर होती, एवढं बरं. मशीन खाटेजवळ घूं घूं करत होतं, त्यावर मोगऱ्याचं एक फूल ठेवलेलं. परसराम बसला नाही. उभ्याउभ्याच त्याने सगळं सांगितलं, सुपारीची पुडी कशी फिरते तेही सांगितलं. अतुलचं नाव घेतलं. मंगलाबाईंचं घेतलं नाही. "एवढे महिने आमी औषध शोधतच नव्हतो, बाई," म्हणाला आणि हात जोडले.

सुलोचनाबाई आधी ऐकत होत्या, मग नुसत्या मशीनकडे पाहत होत्या. त्यांना राग यायला हवा होता अतुलचा. आला परसरामचा.

"गुड्डीचं दुखनं उठलं का ते या मशीनवर हात ठेवून पडून राहत होती," त्या म्हणाल्या. "मी तिले सांगत होती, तुह्यं औषध आपल्या घरातच तयार होऊन राहिलं. मोठ्या मनाचे म्हनून आले तुमी सांगाले. आता मी तिले काय सांगू? नवीन बसवून देत होते, तं चूपचाप बसवाचं होतं. आमाले सांगतलंच काहून?"

"मले कोनी सांगतलं नाही, म्हनून," परसराम म्हणाला.

सुलोचनाबाईंनी खाली वाकून बटण बंद केलं. परसरामने चपला घातल्या आणि आम्ही बाहेर पडलो.