एक औंस

तालुक्याच्या दवाखान्यात तान्ह्या बाळांच्या वजनाचा जुना काटा होता, पौंड आणि औंस दाखवणारा. माझी मुलगी आठव्या महिन्यातच झाली, जेमतेम चार पौंडांची, आणि पहिल्या आठवड्यात आणखी उतरली. रोज सकाळी नर्सबाई तिला उघडी करून गार तबकात ठेवायच्या. काटा स्थिर होईपर्यंत माझ्याच्याने श्वास घेववत नसे.

नवव्या दिवशी काटा थरथरून थांबला. बाई वाकून बघत राहिल्या.

"उतरलं का हो, बाई?"

"नाही. एक औंस वाढलंय."

"औंस म्हणजे किती?"

"मूठभर पोहे घेतले तर होतील, तेवढं."

आता सगळीकडे किलोचे काटे आहेत, हिशेबाला सोपे. पण जीव टांगणीला लागलेला असतो तेव्हा माणसाला मोठं माप झेपत नाही. वर्षाचा, महिन्याचा विचारही करवत नाही. आजच्यापुरतं पुरेल एवढंच माप हवं असतं.

बाईंनी तिला दुपट्यात गुंडाळून माझ्याकडे दिलं. तिला नाव ठेवायचं मी तोवर टाळत होते. त्या सकाळी ठेवलं.