डावा काठ

व्हर्माँटच्या डोंगरात दगडांचं पीक कधी बुडत नाही, असं झिल्फाचा नवरा असाहेल म्हणायचा. तो मार्चमध्ये गेला, बर्फ वितळायच्या आत. झिल्फाला मागे उरलं ते शेत, दोन गाई आणि त्यानं शेवटचं पेरलेल्या जवसाच्या वाखाचं सूत. ते तिनं हिवाळाभर कातून ठेवलं होतं.

मुलगी लव्हिना खाली गिरणीच्या गावात नांदत होती. मातीला आली तेव्हाच तिनं विषय काढला.

"आई, शेत विकून टाक नि माझ्याकडे चल. एकटीनं कसं जमायचं तुला?"

"जमेल की."

"या सुताचं कापड एकटीनं मागावरून उतरवून दाखव. मग पुन्हा बोलणार नाही. नाहीतर गुमान यायचं."

लेक आईवरच गेली होती. नेमकं बोट ठेवलं. विणणं एकटीचं काम, पण ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, मागाच्या रुळावर चढवायला दोघं लागतात. एकानं रूळ फिरवायचा, दुसऱ्यानं सगळे धागे ताणून धरत पुढं पुढं यायचं. इतकी वर्षं ते काम असाहेलचं होतं. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं कुऱ्हाडीनं गेलेली. त्यामुळं डावी बाजू ढिली पडायची आणि घरातल्या एकूण एक चादरीचा डावा काठ लाटालाटांचा व्हायचा.

"अरे, डावा ओढ की!" ती खेकसायची.

"जेवढी बोटं तेवढीच ओढ," तो शांतपणे म्हणायचा.

शेजारची किझाया मक्याची भाकरी घेऊन आली. "मी धरते ताणा. लव्हिनाला कोण सांगायला जातंय?"

"मला ठाऊक असेल ना."

"मर मग हट्टानं!" भाकरी आपटून ती गेली, ती उन्हाळाभर फिरकली नाही. झिल्फाशी बोलायला गाईच राहिल्या.

पहिल्यांदा तिनं ताणा दाराच्या कडीला बांधला. कडीच उखडून आली आणि गुंता सोडवण्यात आठवडा गेला. शेवटी तिनं असाहेलची खुर्ची ओढली, खुर्चीच्या हातांवर आडवी काठी बांधून तिला धागे अडकवले आणि बांधावरचे दगड आणून खुर्ची भरली. मग मागाशी जाऊन रूळ फिरवला. खुर्ची करकरत वीतभर पुढं आली. पुन्हा फिरवला, पुन्हा आली.

"अरे, डावा ओढ की!" सवयीनं तोंडातून गेलंच.

डावा ताठ होता. ती रूळ धरून तशीच उभी राहिली. इतकं एकटं तिला मातीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

सुगी आटोपल्यावर लव्हिना आली. कापड हातावर घेऊन काठावरून बोट फिरवत गेली.

"हरले बाई मी. काय सरळ काठ आहे गं! बाबा असताना असं एकदाही उतरलं नव्हतं."

"नव्हतं खरं," झिल्फा म्हणाली. "घेऊन जा सगळं."

"सगळं? मग तुला?"

"मला जुन्या चादरी आहेत."

गाडी उतारावरून दिसेनाशी झाल्यावर तिनं पलंग आवरला. जुनी चादर घातली आणि ढिला काठ उशापाशी घेतला, निजल्यावर हाताला लागेल असा.