रिकामी गव्हाण

अंधेरीत नाताळ कुणी आणला असं मला विचारलं, तर मी बेधडक स्टेशनजवळच्या एका दुकानाकडे बोट दाखवीन. वास्तविक आमच्या इमारतीमागच्या गावठाणात ख्रिस्ती कुटुंबं कितीतरी पिढ्या राहत होती. मराठी बोलत होती, भात लावत होती आणि दर डिसेंबरात आपला सण करत होती. आम्हा इमारतवाल्यांना मात्र त्याचा पत्ता नव्हता. ऐंशीच्या दशकात त्या दुकानाच्या काचेआड कापसाचा बर्फ पडला, तेव्हा कुठे आम्हाला नाताळ कळला.

दुकान रेडिओ, मिक्सर आणि टीव्हीचं. डिसेंबरातसुद्धा अंधेरीत स्वेटर घालायला निमित्त शोधावं लागतं, आणि इथे भर दुपारी दुकानातला हमाल लाल झगा नि पांढरी दाढी लावून घामाघूम उभा. येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांच्या हातावर एकेक गोळी ठेवायची आणि आईबापांना आत वळवायचं, एवढंच त्याचं काम. दुकानाचे मालक, ज्यांना सगळे शेठ म्हणत, ते हुशार होते आणि माणूस म्हणून वाईट नव्हते. गणपतीत ते दरवर्षी घरगुती मखरांची स्पर्धा घेत. मी जवळच्या शाळेत चित्रकला शिकवायचे, त्यामुळे परीक्षक म्हणून मला धरलेलं असायचं. दुसरे परीक्षक आमच्या गणेश मंडळाचे अध्यक्ष आणि तिसरे खुद्द शेठ.

एका वर्षी शेठनी गावठाणातल्या गोठ्यांची स्पर्धा जाहीर केली. नाताळात ख्रिस्ती घरांतून येशूच्या जन्माचा देखावा मांडतात. गवताचा गोठा, मरिया, योसेफ, गुरंढोरं, धनगर, बाळाला भेटायला दूरदेशाहून आलेले तीन राजे आणि बाळाला निजवायला गुरांची गव्हाण. पहिलं बक्षीस होतं रंगीत टीव्ही. तेव्हा आमच्या अख्ख्या इमारतीत रंगीत टीव्ही एकाच घरी होता, आणि त्या घरातली माणसं जिन्यात भेटली तरी जरा वेगळी चालायची.

नियम अध्यक्षांनी केले. केले म्हणजे मखरांचेच नियम काढले आणि ‘मखर’ खोडून ‘गोठा’ लिहिलं. सजावट, रोषणाई, स्वच्छता आणि सगळ्यात जास्त गुण मूर्तीला. गणपतीत आम्ही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फिरायचो, तेव्हा मूर्ती मखरात बसलेली असायची. इथे शेठना निकाल नाताळाच्या आधीच, भर बाजारात लावायचा होता. पंचवीस तारखेनंतर कोण कशाला खरेदीला येतो, हा त्यांचा सरळ हिशेब. त्यामुळे आम्ही सणाच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी गावठाणात शिरलो. यात काही चुकतंय हे आम्हा तिघांच्याही डोक्यात आलं नाही.

घराघरांत चांगलं स्वागत झालं. कुठे विजेची फिरती चांदणी, कुठे थर्मोकोलचे डोंगर, कुठे आरशाचं तळं नि त्यात प्लॅस्टिकची बदकं. गव्हाणीत बाळ हसत पडलेलं. फिरत्या चांदणीच्या घरची बाई नवऱ्याकडे बघून पुटपुटली, “आज ठेवला तर काय होतंय?” मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

त्यांच्या अगदी समोरचं घर कौलारू, बसकं. तिथे एक विधवा मावशी आपल्या मुलाबरोबर राहायची. नऊवारी लुगडं, कपाळ मोकळं, बोलणं तोडून टाकल्यासारखं. मुलगा कारखान्यात फिटर. त्याने दारातच मला गाठून हळूच सांगितलं, “टीचर, जरा नीट बघा हां. माझी आय रोज संध्याकाळी समोरच्या घराच्या उंबऱ्यावर बसते टीव्ही बघायला. ते आत या बोलत नाय नि ही मागत नाय. परवा त्यांनी हिच्या तोंडावर दार लावलं, पाहुणे आले म्हणून. आपल्याला एवढा टीव्ही पाहिजे बस.”

गोठा त्यांनी ओसरीत केला होता. मी हजारो पोरांची चित्रं तपासलेली बाई, सहजासहजी चकित होत नाही. पण तो गोठा बघून मी थांबले. खऱ्या मातीच्या भिंती, खऱ्या पेंढ्याचं छप्पर, बाहेर मूठमूठ पेरलेलं हिरवंगार भात. विजेचा एकही दिवा नाही, फक्त एक पणती. मरिया नि योसेफ खाली वाकून गव्हाणीकडे बघत होते, आणि गव्हाण रिकामी होती. म्हणजे तिच्यात पेंढ्याच्या काड्या होत्या, भरपूर, पण बाळ नव्हतं. आणखी एक चमत्कारिक गोष्ट म्हणजे तीन राजे गोठ्यापासून लांब, पार खिडकीत वीज-मीटरखाली उभे होते.

“मूर्ती?” अध्यक्षांनी विचारलं.

“त्यो अजून आला नाय,” मावशी म्हणाली.

अध्यक्षांना वाटलं, मूर्ती दुकानातून यायची आहे. मुलाने घाईघाईने समजावलं. बाळ चोवीसच्या रात्री चर्चमधल्या मिस्सेनंतर, म्हणजे प्रार्थनेनंतर ठेवायचं, जन्म झाल्यावर. तोवर घरातलं कुणीही काही भलं काम केलं की गव्हाणीत एक काडी टाकायची, काय केलं ते बोलायचं नाही. बाळाला मऊ व्हायला पाहिजे म्हणून. राजे लांबून येतात, रोज थोडे थोडे पुढे सरकवायचे. ते जानेवारीत पोचणार.

“ते सगळं ठीक आहे हो,” अध्यक्ष म्हणाले, “पण मूर्तीच नाही तर मी गुण कशाला देऊ?”

शेठ व्यवहारी माणूस. त्यांनी लगेच तोड काढली. “मावशी, मूर्ती घरात हाय ना? मग पाच मिनिट ठेवा. आम्ही बघतो, जातो. मग काढून घ्या. कोणाला काय समजणार?”

मावशी त्यांच्याकडे बघत राहिली. तिला राग आला होता असं मला वाटलं नाही, तिला ते बोलणंच कळलं नव्हतं. “पाच मिन्टांसाठी कोन जन्माला येतं काय?” ती म्हणाली.

मुलगा आत गेला. कपाट उघडल्याचा आवाज आला. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात जुन्या रुमालात गुंडाळलेलं काहीतरी होतं. रुमाल बाळाच्या तोंडावरूनही घेतलेला होता, आणि तो बघितल्यावर माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्याकडे गणपती आणतात तेव्हा त्याच्याही तोंडावर रुमाल टाकतात. प्रतिष्ठापना होईपर्यंत तो उघडत नाहीत. अध्यक्षांनी स्वतः उभा जन्म तसेच गणपती आणले होते. कुणी त्यांना म्हटलं असतं की चतुर्थीच्या दोन दिवस आधी पाच मिनिटं रुमाल काढा, परीक्षक आलेत, तर त्यांनी त्या माणसाला जिन्यावरून खाली ढकललं असतं. हे मी त्यांना तिथल्या तिथे सांगितलं. ते म्हणाले, “बाई, ते वेगळं.” मला त्यांचा भयंकर राग आला.

“आये, एकच मिनिट,” मुलगा आईला म्हणाला. त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. “टीव्ही हाय गं, कलरवाला.”

“तुजं बी घर हाय,” ती म्हणाली. “ठेवायचा तर ठेव.” आणि पाठ फिरवून भिंतीकडे बघत उभी राहिली.

तो गव्हाणीजवळ उकिडवा बसला. रुमालाची गाठ त्याने अर्धी सोडली. आम्ही तिघेही पुढे वाकून बघत होतो, शेठसुद्धा. मग त्याने गाठ पुन्हा बांधली, उठला आणि बाळ आत ठेवून आला. येताना म्हणाला, “चहा घेणार ना सगळे?”

चहा आम्ही घेतला. मग बाहेर गल्लीतल्या क्रुसापाशी उभं राहून मी दोघांशी भांडले, पण दोन मतं विरुद्ध एक. पहिलं बक्षीस समोरच्या फिरत्या चांदणीवाल्या घराला मिळालं. चोवीस तारखेला दुकानासमोर बँड लावून टीव्ही दिला गेला. पंचवीसला सकाळी मी दूध घेऊन येत होते, तर शेठचा नोकर काचेवरचा कापूस ओरबाडून काढत होता आणि त्या जागी संक्रांतीचे पतंग लटकवत होता. गावठाणात माणसं त्याच वेळी नवे कपडे घालून एकमेकांकडे निघाली होती. एका रस्त्यावर सण संपला होता नि पलीकडच्या गल्लीत तो सुरू झाला होता.

दुपारी मावशीच्या मुलाने आमच्याकडे क्रोशाच्या रुमालाखाली ताट आणून दिलं. करंज्या, नारळाच्या वड्या, केक. भरलेलं ताट रिकामं परत करायचं नाही ही रीत त्यांच्याकडेही आहे आणि आमच्याकडेही, म्हणून जानेवारीत तिळाचे लाडू झाल्यावर मी ताट घेऊन गेले. तो राजांच्या सणाचा रविवार होता. तिन्ही राजे गोठ्याच्या दाराशी पोचले होते. गव्हाणीत बाळ होतं, इतकं साधं, रंग उडालेलं, एका हाताचं बोट तुटलेलं. त्याला बघून मला बरं वाटलं, खूप बरं वाटलं.

मुलगा अंगणात सायकल पुसत होता. मी मावशीला हळूच विचारलं, “टीव्ही तो तुमच्यासाठी मागत होता, माहीत होतं ना?”

“मना कलत नाय काय?” ती म्हणाली. “दारात मी बसतं, लाज त्याला वाटते.” मग गव्हाणीतली एक काडी तिने दाखवली. बाकीच्यांपेक्षा लांब होती, बाळाच्या उशाशी ठेवलेली. “आपली काडी आपन टाकायची, दुसऱ्याची टाकत नाय. पन त्या दिशी तुमी गेलाव नि ही मी टाकली. त्याच्या नावाची. त्याला सांगू नका.”

मी सांगितलं नाही. तेवढ्यात समोरच्या घरातून सिनेमा सुरू झाल्याचा आवाज आला. मावशीने मी आणलेलं ताट आत ठेवलं, लुगड्याला हात पुसले, गल्ली ओलांडली आणि समोरच्या उंबऱ्यावर जाऊन बसली. आतून कुणी या म्हटलं नाही. मुलाने मान वर करून बघितलं आणि पुन्हा सायकल पुसायला लागला. मीही जाऊन तिच्याशेजारी थोडा वेळ बसले. तिने मला जागा करून दिली आणि म्हणाली, “रंग चांगले दिसतात, नाय?”

खरोखरच चांगले दिसत होते.