मागच्या चाकाचे मामा

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत माणसाला तोंडावरून न ओळखता त्याच्या मोटारसायकलच्या मागच्या चाकावरून ओळखणारा एकच माणूस आहे, आणि तो माझ्या आत्याचा दीर आहे. मी त्यांना मामा म्हणतो. निरगुडसरच्या रस्त्याला त्यांचं गॅरेज होतं. गिऱ्हाईक आलं की मामा आधी खाली बसायचे, मागच्या ब्रेकच्या डिस्कवरून अंगठा फिरवायचे आणि मग वर बघून म्हणायचे, "राम राम." लग्नाला गेले तर मांडवात शिरण्याआधी बाहेर लावलेल्या गाड्यांची रांग तपासून यायचे; त्यामुळे अक्षता टाकताना त्यांची बोटं काळी असायची. एकदा तर आहेर करताना नवरदेवाच्या कानात सांगितलं, "पावणं, तुमची मागची डिस्क गेलीय. बायकोला मागं बसवायच्या आत बदला."

ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवणारा माणूस हा त्यांचा जगातला एकमेव शत्रू. आमच्याकडे दुधाच्या कॅन लावलेली प्रत्येक गाडी तशीच चालते. असा कुणी दिसला की मामा हातातला पाना टाकून रस्त्यावर धावायचे, "पाय! आरं, पाय!" नवखा माणूस घाबरून दोन्ही पाय वर घ्यायचा. झिजलेली डिस्क ते भंगारात देत नसत. "भंगारवाला ती दुसऱ्याला बसवायला इकील," म्हणायचे, आणि गॅरेजमागच्या बाभळीला तारेनं टांगून ठेवायचे. वारा सुटला की ती बाभूळ देवळासारखी वाजायची.

माझ्या गाडीचे ब्रेक पॅड बदलायला गेलो, तेव्हा मामांनी डिस्कला जाडी मोजायचा व्हर्नियर लावला आणि माझी किल्ली काढून स्वतःच्या टोपीत ठेवली.

"नुसतं पॅड बदलून उपेग न्हाई. डिस्क बदलावी लागंल. हे बघ, कमीत कमी जाडी किती पायजे ते हितंच कोरलंय. तुजी त्याच्या खाली गेली."

मी चळवळीच्या घरात, पत्रकांच्या गठ्ठ्यांवर झोपून वाढलेला मुलगा. म्हणालो, "मामा, हे कोरलंय कुणी? कंपनीनं. नवीन डिस्क विकतं कोण? कंपनीच ना?"

मामांनी खरोखर विचार केला. "कोरलंय कंपनीनं," ते म्हणाले, "पण घाट काय कंपनीचा न्हाई, राव."

त्या वाक्यापाशी मी थांबायला हवं होतं. मी भांडून किल्ली घेतली, दुसरीकडे नुसते पॅड बसवले आणि घरी येऊन पत्रक लिहिलं: 'शेतकरी बांधवांनो, धडधाकट भाग बदलायला लावणाऱ्यांपासून सावध!' नाव लिहिलं नाही. 'निरगुडसर रस्त्यावरचे एक कारागीर' एवढंच लिहिलं. तिथे कारागीर एकच होता. हे मला तेव्हा धैर्य वाटलं होतं.

महाळुंगे पडवळपासून प्रत्येक दूध डेअरीवर मी ते चिकटवलं. माझ्या आधीच्या पत्रकांनी एसटीची एक फेरी वाढली नव्हती. या पत्रकाने मात्र महिन्याभरात मामांचं गॅरेज रिकामं केलं. बदलायला झालेल्या डिस्क घेऊन लोक खुशाल घाट उतरू लागले.

मीही उतरत होतो. भर पावसात तळेघरहून सभा करून येताना एका वळणावर मागचा ब्रेक दाबला, तर पेडल लोण्यात जावं तसं खाली गेलं. पुढच्या ब्रेकने कसाबसा वेग मोडला आणि गाडीसकट मी भाताच्या खाचरात बसलो. "तिथं आत्ताच लावणी केलीय की!" बांधावरून एक बाई ओरडली. समोर मागचं चाक वर आलेलं होतं. डिस्कवरची कोरलेली अक्षरं पावसाने स्वच्छ धुतली होती.

टेम्पोत घालून गाडी मामांकडे आणली. ते खाली बसले. चाक उतरवलं, जुनी डिस्क सोडवली आणि नवी माझ्या हातात दिली. "पेट्रोलनं पूस. तेलकट बोट लावू नगं, ब्रेक धरत न्हाई." मग समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळले आणि नवे पॅड घातले. ब्रेकची नळी आणि तेलही बघितलं. मी मान वर केली, तर भिंतीवर माझं पत्रक नीट चारी कोपऱ्यांनी चिकटवलेलं.

"मामा..."

"लई झ्याक लिवलंय," पेडल दाबून बघत ते म्हणाले. "फकस्त खोटं व्हतं."

मी माफीचं पत्रक काढलं. त्याच डेअऱ्यांवर स्वतः उभं राहून वाटलं. लोक हसले. "काय राव, मामानं फुकटात डिस्क बसवून दिली वाटतं?" पहिलं पत्रक सगळ्यांना पाठ होतं, दुसऱ्यावर कुणी भजी खाल्ली. दिवाळीपर्यंत मामांनी गॅरेज बंद केलं आणि ते जुन्नरला लेकीकडे राहायला गेले. बाभूळ अजून वाजते. तिच्यावर एक डिस्क माझी आहे.

परवा त्यांना भेटायला गेलो. दारातच खाली बसून त्यांनी माझ्या डिस्कवर अंगठा फिरवला. "राम राम," म्हणाले. चहा झाल्यावर विचारलं, "लिवतो का अजून?"

"लिहितो."

"आदी मोजत जा."

मी नमस्कार केला आणि निघालो. गल्लीच्या वळणावर पोचलो, तोच मागून त्यांचा आवाज आला, पूर्वीपेक्षा बारीक, पण तोच:

"पाय! आरं, पाय!"

खाली बघितलं. माझा पाय ब्रेकवरच होता.