हृदयाचा रिपोर्ट आणि मोज्यातला पाय

१० ऑगस्ट. कित्येक महिने इथे फिरकले नाही, माफ करा... आजही राग आवरत नाही म्हणूनच लिहितेय.

परवा माझा मोठा भाऊ सिंदेवाहीकडच्या गावाहून चंद्रपूरला आला, भाताची रोवणी अर्धी टाकून. बाबा हार्ट अटॅकने गेले, म्हणून मीच हट्टाने बोलावलं आणि एका लॅबच्या 'हार्ट पॅकेज'ला नेलं.

सीआरपी खूप वाढलेलं निघालं. शरीरात कुठे दाह असला की रक्तात हे वाढतं. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "हार्टला हाय रिस्क आहे." विचारायच्या आतच बुधवारची अँजिओग्राफीची अपॉइंटमेंट टाकूनही दिली.

भाऊ घरी येऊन आडवाच झाला. वहिनीला फोनवर म्हणाला, "रोवणी तूच आटपून घे. माह्यं आता काई खरं नाई." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

रात्री जेवायला बसला तरी पायात मोजे. बळेच काढायला लावले... बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, पू झालेला, पाऊल घोट्यापर्यंत सुजलेलं. शहरात यायचं म्हणून त्यावर मुलाचे बूट चढवून आला होता.

"भाऊ, हे दाखवलं काऊन नाई?"

"हार्टवाल्याले पाय काय दाखवू बाई? रोवणीत सगळ्यायचेच असे होते."

काल आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे नेलं. ते पाय बघूनच चिडले. एवढं इन्फेक्शन असताना सीआरपी वाढणारच, त्यावरून हृदयाचं काही ठरवता येत नाही. पाय बरा झाला की काही आठवड्यांनी ती तपासणी पुन्हा करू, म्हणाले. ईसीजी ठीक होता, अँजिओग्राफीची आत्ता गरज नाही. बीपी मात्र वाढलेलं. मग विचारलं, "खर्रा किती खाता?" भाऊने खिशातल्या तंबाखू-सुपारीच्या पुडीवर हात ठेवला.

म्हणजे धोका असेलही. पण लॅबमध्ये कुणी बीपी मोजलं नाही, खर्रा विचारला नाही, खाली पायाकडे बघितलं नाही... मी तरी कुठे बघितलं? दिवसभर माझ्याच शेजारी लंगडत होता, मी लॅबच्या भिंतीवरची पोस्टरं वाचत होते.

आत्ता भाऊ फोनवर ओरडतोय, "बांधीतलं पाणी उतरू देऊ नको!" पलीकडून वहिनी म्हणते, "परवा तं मरून राह्यले होते, आज हुकूम सोडून राह्यले?"

इतकं बरं वाटलं ते भांडण ऐकून...

उद्या: बुधवारची अपॉइंटमेंट रद्द करणे. फोनवर नाही, काउंटरसमोर उभं राहून.