तपासणीची खेळणी

कपाटात उंदीर शिरलाय म्हणून मी दिवाळीपासून सांगून राहिले. कुणाला खरं वाटलं नाही. ताई म्हणाली, "कोंडाबाई, तुम्हाला जिकडं तिकडं उंदीरच दिसतेत." चौथी शिकलेल्या बाईचं कोण ऐकतं?

मुखेडच्या पलीकडं आमची अंगणवाडी. ताई शिकवते, मी मदतनीस. खिचडी शिजवते, लेकरं गोळा करते आणि तपासण्या बघते. तपासण्यांचे किस्से धुण्यासारखे साठतात. एक वाळेपर्यंत दुसरा तयार.

खेळण्यांच्या कपाटाला कुलूप, किल्ली ताईच्या पर्समध्ये, पर्स ताईच्या काखेत. "लेकरं मोडतेत. मग तपासणीला काय दाखवू?" झालं.

*

नांदेडहून मॅडम आल्या. खेळण्यांचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. मॅडम खूश. "किती जपून ठेवलीत हो!" पैकीच्या पैकी मार्क.

मी म्हणलं, "मॅडम, एकाबी लेकरानं हात लावला न्हाई."

ताईनं मला चहा टाकायला पाठवलं.

*

मग लातूरकडचे एक सर. त्यांनी चेंडू हातात घेऊन आमच्या चार वर्षांच्या गंगीला विचारलं, "बाळ, हा कशासाठी असतो?"

गंगी म्हणाली, "सर आल्यावर दाखवायला."

सरांचा पेन थांबला. मग लिहिलं, 'मूल न लाजता उत्तर देते.'

*

पुढं नांदेडच्या मॅडम नवा फॉर्म घेऊन आल्या. खेळणी लेकरांच्या हाताला येतात का, असा रकाना. ताईनं सकाळीच सगळी चटईवर मांडली. लेकरं भिंतीला टेकून, हाताची घडी. एक हलेना.

मी म्हणलं, "खेळा की रे."

गंगीनं मलाच दटावलं, "हात लावू न्हाई. मोडतंय."

मॅडमनी लिहिलं, 'शिस्त उत्तम.' मॅडमची गाडी वळली की परत कुलूप.

*

परवा मॅडमना घेऊन मोठे साहेब येणार होते. कपाटातली कुरकुर आता दारापर्यंत ऐकू येई. मी ताईला म्हणलं, "आता तरी उघडा. वाचलेली तरी लेकरांना द्या."

"तपासणी होऊ द्या."

साहेबांसमोर कपाट उघडलं. बाहुलीला पाय नाही, हत्तीला सोंड नाही. आतून उंदीर निघाला तो साहेबांच्या बुटावरून थेट अंगणात. गंगीनं कुरतडलेला चेंडू उचलला आणि ती पण बाहेर. तिच्यामागं सगळी लेकरं. तासभर खेळली. कुणी अडवलं नाही. आत मोठी माणसं जबाबदार कोण ते ठरवत होती.

ताई म्हणाली, कुलूप मॅडमनी लावायला सांगितलं. मॅडम म्हणाल्या, आम्हाला वरून सांगितलं. वरचे म्हणजे साहेबच. ते चहा पीत बसले.

काल नोटीस आली. खेळणी खराब होऊ दिली, तीन दिवसांत खुलासा द्या. ताईनंच वाचून दाखवली, शेवटची ओळ जरा हळू आवाजात.

जबाबदार: मदतनीस कोंडाबाई.