किलवरची मेंढी

मंडळी, दुपारची गोष्ट आहे. तेव्हापासून नुसता बसून आहे, म्हणून इथे लिहितोय.

आज शुक्रवार, कंपनीला सुट्टी. बोईसरला लाईट गेली होती. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच घरात पत्ते निघाले. मेंढीकोट. आई आणि माझी बायको एकीकडे, मी आणि शेजारच्या, मूळ पाम गावच्या मावशी दुसरीकडे.

मेंढी म्हणजे दहाचं पान. ज्यांच्याकडे मेंढ्या जास्त, ते जिंकले. आई-बाबा कायम भिडू. बाबा खोकले की समजायचं, हात त्यांचा आहे, आईने बिनधास्त मेंढी टाकायची. ही लबाडी आम्हा सगळ्यांना माहीत होती.

मी किलवरचा एक्का टाकला. तेवढ्यात केमिकल कंपन्यांकडचा वास आत आला आणि मला खोकला आला. खराखुरा.

आईने माझ्या एक्क्यावर किलवरची मेंढी टाकली. तिच्या हातात किलवरची तिरी होती, तरी; ती पुढे पडली तेव्हा कळलं.

मग मावशी म्हणाल्या, "उचला वयनी पान. आमी काय बोलत नाय."

आई म्हणाली, "पडलेलं पान उचलायचं नाही. ह्यांना आवडत नाही."

मेंढीसकट तो हात मी ओढला. डाव आम्ही जिंकलो. लाईट आली, पंखा फिरला, पानं उडाली. मला काहीच वाटलं नाही. अजूनही वाटत नाहीये.

तुमच्याकडे पत्ते खेळताना कोण खोकायचं?

माझा घसा अजून खवखवतोय. आई आतल्या खोलीत आहे, म्हणून खोकला दाबून बसलोय.